मिनिफाय केलेल्या फाइलला हाताने शिवू नये

जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या ३.७.१ या आवृत्तीची मूळ फाइल सुमारे २८५ किलोबाइटांची आहे. तीच मिनिफाय केली की ८७ किलोबाइटांच्या आसपास येते. त्यावर सर्व्हरने जीझिप लावलं की वापरणाऱ्याच्या फोनपर्यंत प्रत्यक्ष पोचतात ते जेमतेम ३० किलोबाइट. प्रोग्रॅमच्या वागण्यात तसूभर फरक पडत नाही. तीच बटणं, तेच मेनू, तीच गणितं, फक्त वजन जवळजवळ एक-दशांश.

हे करणारी साधनं मोफत मिळतात आणि कामाला सेकंदभरही लागत नाही. तरीही अनेक ठिकाणी हे काम अजून हाताने चालतं. कोणीतरी एखाद्या ऑनलाइन मिनिफायरमध्ये फाइलचा मजकूर चिकटवतं, बाहेर आलेली एकच लांबलचक ओळ ‘मिन’ नावाच्या फाइलमध्ये टाकतं आणि दोन्ही फाइली रिपॉझिटरीत कमिट करून मोकळं होतं. पुढच्या महिन्यात दुसरा माणूस मूळ फाइलमधली चूक दुरुस्त करतो, पण मिन फाइल जुनीच राहते. तिसऱ्याला रात्री घाई असते, तो मूळ फाइल न उघडता थेट मिन फाइलमध्ये एक आकडा बदलतो. आता दोन फाइलींचं एकमेकींशी नातं उरलेलं नाही, आणि साइटवर नेमकं काय चालू आहे हे सांगायला कोणी नाही. मिनिफाय केलेली फाइल ही माणसाने लिहायची, वाचायची किंवा सांभाळायची वस्तूच नव्हे. ती मूळ कोडमधून दर वेळी नव्याने, यंत्राकडून आणि एकाच ठरलेल्या पद्धतीने तयार व्हायला हवी, आणि वापरणाऱ्यापर्यंत जाणारी हीच फाइल तपासली गेली पाहिजे. हे का, आणि ते कसं जमवायचं, ते इथे मांडतो.

आधी मिनिफायर काय करतो ते जवळून पाहू. समजा, सरळव्याज काढणारं एक फंक्शन आहे. त्याला तीन पॅरामीटर आहेत: मुद्दल, दर आणि मुदत. जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत लिहिलेली चालतात, त्यामुळे हा कोड खरोखर चालेल. आत एक कॉमेंट आहे, ‘दर वार्षिक धरला आहे’. मग गुणाकार, शंभराने भाग, उत्तर परत. मिनिफायर सगळ्यात आधी कॉमेंट काढून टाकतो, कारण ती माणसासाठी होती. मग ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा, रिकाम्या ओळी, चिन्हांच्या दोन्ही बाजूंचे स्पेस जातात. त्यानंतर खरी बचत होते ती नावांत. ‘मुद्दल’ हे नाव यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट खातं. पण ते फक्त या फंक्शनच्या आत दिसतं, बाहेरून त्याला कोणी हाक मारत नाही, म्हणून त्याच्या जागी एका अक्षराचं नाव बसतं. ते जितक्या वेळा आलं असेल तितक्या वेळा १७ बाइट वाचतात.

पुढे बारीकसारीक व्याकरण सुरू होतं. ‘खरं’ या अर्थाच्या चार अक्षरी कीवर्डऐवजी उद्गारचिन्ह आणि शून्य लिहिलं तरी किंमत तीच येते, म्हणून दोन बाइटांत भागतं. ६० गुणिले ६० गुणिले २४ असं कोणी दिवसाचे सेकंद म्हणून लिहिलेलं असेल, तर तिथे थेट ८६४०० येतं. छोट्या ‘जर-तर’च्या जागी एका ओळीतली शर्त येते. कधीच खऱ्या न होणाऱ्या अटीमागचा कोड पूर्ण गळून पडतो. रिॲक्टमध्ये विकसकासाठी लिहिलेल्या लांबलचक सूचना अशाच गळतात. त्या सगळ्या ‘हे प्रॉडक्शन नसेल तर’ या अटीआड ठेवलेल्या असतात. बिल्डच्या वेळी त्या अटीत खरी किंमत भरली जाते, अट कायमची खोटी ठरते आणि मिनिफायर ती मागच्या मजकुरासकट उचलून टाकतो.

जीझिप आहेच, मग मिनिफाय कशाला, असं विचारणारे अनुभवी लोकही भेटतात. प्रश्न योग्य आहे. जीझिप पुन्हापुन्हा येणारा मजकूर शोधतं आणि मागच्या ३२ किलोबाइटांत तो कुठे आला होता तेवढी खूण ठेवतं. त्यामुळे स्पेस आणि वारंवार येणारी लांब नावं त्याला स्वस्तात पडतात. कॉमेंट मात्र साध्या भाषेतला, दर वेळी वेगळा मजकूर असतो, तो फारसा दबत नाही. जेक्वेरीची मूळ फाइल नुसती जीझिप केली तर ८० किलोबाइटांच्या वर राहते, म्हणजे एकट्या जीझिपचं आणि एकट्या मिनिफायरचं फळ जवळपास सारखं. दोन्ही एकत्र आले की ३०. शिवाय ब्राउझरकडे पोचल्यावर जीझिप उलगडावं लागतं आणि मग सगळा मजकूर अक्षर न अक्षर वाचला जातो. तिथे जीझिपची मदत संपलेली असते, मिनिफायरची मात्र चालू असते.

या साधनांची पिढ्यान्‌पिढ्यांची हकिकत थोडक्यात सांगायला हवी, कारण आजचे बरेच नियम त्या चुकांमधून आलेले आहेत. डग्लस क्रॉकफर्ड यांचं जेएसमिन हे सी भाषेतलं अगदी लहान साधन. त्याच्या मूळ कोडवर २००२ सालचा कॉपीराइट आहे. ते भाषा समजून घेत नव्हतं. एकेक अक्षर वाचायचं, आधीचं आणि पुढचं अक्षर बघायचं, आणि मधली जागा गेली तर चालेल का एवढंच ठरवायचं. डीन एडवर्ड्‌स यांच्या पॅकरने दुसरा रस्ता घेतला. सगळा प्रोग्रॅम एका स्ट्रिंगमध्ये दाबून ठेवायचा आणि ब्राउझरमध्ये पान उघडताना तो उलगडून चालवायचा. आकार खूप घटे, पण दर वेळी उलगडण्याचा भार वापरणाऱ्याच्या यंत्रावर पडे. सर्व्हरवर जीझिप सर्रास झाल्यावर त्या युक्तीचं प्रयोजन संपलं. २००७ मध्ये याहूचं वायूआय कॉम्प्रेसर आलं. ते जावात लिहिलेलं होतं आणि त्याच्या पोटात जावास्क्रिप्टचा खरा पार्सर होता. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये गूगलने क्लोजर कंपायलर खुला केला. त्याच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पातळीवर ऑब्जेक्टच्या आतल्या गुणधर्मांची नावंही बदलत. २०१० मध्ये मिहाई बाझोन यांचं अग्लिफायजेएस आलं. ते जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेलं होतं आणि नोडवर चाले. जेक्वेरीने १.५ आवृत्तीपासून त्याचाच आधार घेतला. वेब बिल्डसाठी जावा बसवण्याची सक्ती तिथे संपली.

पुढे २०१५ साली भाषेत मोठी भर पडली आणि अग्लिफायची मूळ शाखा तिथे अडकली. नवा कोड दिला की बिल्ड ‘अनपेक्षित टोकन’ म्हणून थांबायचा. नवी भाषा समजणारी तिची एक उपशाखा निघाली, पण ती मध्येच सांभाळायची बंद झाली. तिच्यातून २०१८ मध्ये टर्सर फुटलं. आज वेबपॅकच्या प्रॉडक्शन बिल्डमध्ये आपोआप चालतं ते हेच. गो भाषेतलं ईएसबिल्ड आणि रस्टमधलं एसडब्ल्यूसी ही त्यानंतरची. ती कित्येक पट वेगवान आहेत, आणि मोठ्या प्रकल्पात तो वेग जाणवतो. लहान प्रकल्पाला टर्सर पुरेसं आहे, वेगाच्या आकड्यांमागे धावून साधन बदलण्याची तिथे गरज नाही.

आता २०१२ च्या एप्रिलमधला एक प्रसंग. तो सार्वजनिक चर्चेत घडला आणि जगभरच्या विकसकांनी तेव्हा वाचला. ट्विटरमधल्या जेकब थॉर्नटन यांनी बूटस्ट्रॅपच्या ड्रॉपडाउनच्या कोडमध्ये सेमीकोलन न देता दोन ओळी लिहिल्या होत्या. पहिली ओळ म्हणजे उघडे मेनू बंद करणाऱ्या फंक्शनला केलेला कॉल, ती कंसाने संपते. दुसरी ओळ उद्गारचिन्हाने सुरू होते: मेनू आधीच उघडा नसेल तर तो उघड. जावास्क्रिप्टच्या नियमानुसार हे चालतं. कंस संपल्यावर लगेच उद्गारचिन्ह आलं तर वाक्य व्याकरणात बसत नाही, पण मध्ये नवी ओळ असल्यामुळे भाषा तिथे सेमीकोलन आहे असं स्वतःच धरते. जेएसमिनने ती नवी ओळ काढून टाकली. दोन्ही ओळी एकमेकींना चिकटल्या आणि कोड मोडला.

थॉर्नटन यांचं म्हणणं, माझा कोड भाषेच्या नियमात बसतो. क्रॉकफर्ड यांनी त्या कोडला अत्यंत कडक शब्दांत नावं ठेवली आणि असल्या लिखाणासाठी साधन बदलायला नकार दिला. शेकडो लोक बाजू घेऊन भांडले. माझ्या मते तांत्रिकदृष्ट्या थॉर्नटन बरोबर होते. मिनिफायरला भाषेचा नियम मोडायचा अधिकार नाही, आणि जेएसमिनच्या पुढच्या आवृत्तीत उद्गारचिन्हाची ती सोय झालीही. पण बिल्ड लावणाऱ्याने या प्रसंगातून वेगळीच गोष्ट उचलायला हवी. मूळ कोड ब्राउझरमध्ये व्यवस्थित चालत होता, चाचण्या मूळ कोडवर पास होत होत्या, आणि तरी तयार झालेली फाइल मोडकी होती. मूळ कोडवरच्या चाचण्या मिनिफायरबद्दल काहीच सांगत नाहीत.

नवी ओळ ठेवली म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. अनेक फाइली एकामागे एक जोडून एक मोठी फाइल करायची पद्धत जुनी आहे. पहिल्या फाइलच्या शेवटी एखादं फंक्शन व्हेरिएबलमध्ये ठेवलं आहे आणि सेमीकोलन दिलेला नाही. दुसरी फाइल उघडत्या कंसाने सुरू होते, कारण ती सगळीच एका तात्काळ चालणाऱ्या फंक्शनमध्ये गुंडाळलेली आहे. दोघींमध्ये दहा रिकाम्या ओळी असल्या तरी जावास्क्रिप्टच्या लेखी तो कंस आधीच्या फंक्शनला केलेला कॉल ठरतो, कारण व्याकरणात ते बसतं. सुटी असताना दोन्ही फाइली निर्दोष, जोडल्यावर गोंधळ. म्हणून फाइली जोडताना मध्ये सेमीकोलन घालावा, किंवा नुसतं जोडण्याऐवजी मॉड्यूल समजणारा बंडलर वापरावा. आज दुसराच मार्ग घ्यावा असं मी सांगेन.

बिल्डकडे वळू. ‘काय बदललं ते पाहून तेवढंच पुन्हा तयार कर’ ही कल्पना स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ साली मेकमध्ये आणली. ग्रंट, गल्प, वेबपॅक या सगळ्यांची मुळं तिथे पोचतात. मेकचं तर्कशास्त्र इतकं साधं आहे की मिनिफिकेशन समजून घ्यायला त्याहून चांगली जागा नाही. त्याला सांगायचं, ‘मिन फाइल ही मूळ फाइलपासून बनते, आणि बनवायची कृती अशी’. मेक दोन्ही फाइलींच्या वेळा पाहतं. मूळ फाइल नंतरची असेल तरच कृती चालवतं. एक नियम लिहिला की फोल्डरमधल्या शंभर फाइलींनाही तोच लागू होतो.

पण इतक्या साध्या नियमातही जागोजागी ठेच लागते. पहिली ठेच: ‘जेएसने संपणारी प्रत्येक फाइल’ असं सांगितलं की त्यात मिन फाइलही येते, कारण तिचं नावही जेएसनेच संपतं. दुसऱ्या बिल्डमध्ये मिनची मिन तयार होते, तिसऱ्यात तिचीही. उपाय एकच: तयार माल मूळ कोडच्या शेजारी कधी ठेवायचा नाही. मूळ कोड एका फोल्डरात, तयार फाइली ‘डिस्ट’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात, आणि डिस्ट गिटच्या दुर्लक्ष-यादीत. तो फोल्डर पूर्ण पुसून पुन्हा बिल्ड केला की सगळं जसंच्या तसं परत आलं पाहिजे.

दुसरी ठेच फार घातक आहे, म्हणून ती सविस्तर. कृतीत लोक लिहितात की मिनिफायर चालव आणि त्याचं आउटपुट बाणाच्या चिन्हाने मिन फाइलकडे वळव. शेल काय करतं? मिनिफायर सुरू होण्याआधीच ती फाइल रिकामी करून उघडतं. मग मिनिफायरला मूळ कोडमध्ये चूक सापडते आणि तो त्रुटी देऊन थांबतो. मेकही थांबतं, पडद्यावर लाल ओळ येते. इथवर ठीक. पण मागे शून्य बाइटांची मिन फाइल उरली आहे आणि तिची वेळ मूळ फाइलच्या नंतरची आहे. कोणीतरी ‘बघू, पुन्हा चालवून’ म्हणून मेक परत चालवतं. मेक वेळा पाहतं, मिन फाइल नवी दिसते, सगळं ताजं आहे असं सांगतं आणि यशस्वी म्हणून बाहेर पडतं. डिप्लॉय होते ती रिकामी फाइल. पानावर काहीच चालत नाही, आणि रिकामी फाइल हा वैध जावास्क्रिप्ट प्रोग्रॅम असल्यामुळे ब्राउझर तिच्याबद्दल तक्रारही करत नाही. मेकमध्ये यासाठी ‘चूक झाली तर अर्धवट फाइल पुसून टाक’ अशी एका ओळीची सूचना आहे, ती प्रत्येक मेकफाइलमध्ये असावी. किंवा आधी तात्पुरत्या नावाने लिहावं आणि काम यशस्वी झाल्यावरच नाव बदलावं. फाइल बाणाने वळवण्यापेक्षा टर्सरचा स्वतःचा आउटपुट-पर्याय वापरणं तर सगळ्यात सोपं.

तिसरी गोष्ट वेळेच्याच तर्कातून निघते. मूळ फाइल बदललेली नाही, पण मिनिफायरची आवृत्ती किंवा त्याची सेटिंग बदलली, तर मेकला ते कळत नाही. म्हणून सेटिंगची फाइल आणि पॅकेजची लॉक-फाइल हीसुद्धा मिन फाइलची कारणं आहेत, असं नियमातच लिहावं लागतं.

मेक नको असेल तर नोडच्या जगात पॅकेज-जेसनमधला ‘स्क्रिप्ट्‌स’ हा भाग पुरतो. ‘बिल्ड’ नावाची एक आज्ञा: डिस्ट पुसा, बंडल करा, मिनिफाय करा. या पायऱ्या दोन अँपरसँडने जोडाव्यात, म्हणजे एक पडली की पुढची सुरूच होत नाही. सेमीकोलनने जोडल्या तर आधीची पडली तरी पुढची चालते, आणि शेवटची यशस्वी झाली की सगळं यशस्वी मानलं जातं. बिल्डच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ अशाच एखाद्या गिळल्या गेलेल्या त्रुटीत सापडतं. शेलमध्ये पाइप लावलेला असेल तिथेही हेच होतं. पाइपची फलश्रुती शेवटच्या आज्ञेवरून ठरते, आधीची मेली तरी कळत नाही. बॅशमध्ये त्यावर ‘पाइपफेल’ हा पर्याय आहे.

हीच आज्ञा सीआय सर्व्हरवर चालते. तिथे पॅकेज बसवताना ‘इन्स्टॉल’ऐवजी एनपीएमची ‘सीआय’ ही आज्ञा द्यावी. ती लॉक-फाइलमध्ये नोंदलेल्या अचूक आवृत्त्याच बसवते, आणि लॉक-फाइल पॅकेज-जेसनशी जुळत नसेल तर थांबते. काल एका टर्सरने बनवलेली फाइल आणि आज दुसऱ्या टर्सरने बनवलेली फाइल यांत फरक पडू नये, यासाठी हा काटेकोरपणा. मग मूळ कोडवरच्या चाचण्या, मग बिल्ड. आणि त्यानंतर बहुतेक जण गाळतात ती पायरी: डिस्टमधली तयार पानं खऱ्या ब्राउझरमध्ये उघडून निदान मुख्य वाटा चालवून पाहणं. लॉग-इन होतंय का, फॉर्म जातोय का, कन्सोलमध्ये त्रुटी आहे का. प्लेराइटसारख्या साधनाने पाच-सहा अशा चाचण्या लिहायला एक दुपार पुरते. तपासून झालेला तोच डिस्ट फोल्डर पुढे प्रॉडक्शनला जावा. तिथे पुन्हा बिल्ड करायचा नाही.

ही पायरी लागते याचं उत्तम उदाहरण अँग्युलरजेएसच्या पहिल्या पिढीत सापडतं. तिथे फंक्शनला काय हवं आहे हे त्याच्या पॅरामीटरच्या नावावरून ठरे. ही चौकट (फ्रेमवर्क) चक्क फंक्शनचा मजकूर स्ट्रिंग म्हणून वाचायची, त्यातून नावं काढायची आणि त्या त्या नावाची सेवा आणून द्यायची. मिनिफायरने पॅरामीटरला एका अक्षराचं नाव दिलं की चौकट त्या एका अक्षराच्या नावाची सेवा शोधत बसे. विकसकाच्या यंत्रावर सगळं सुरळीत, प्रॉडक्शनवर कोरं पान. मिनिफायर इथे चुकला नव्हता, स्थानिक नावाला बाहेर अर्थ नसतो हे गृहीत धरायचा त्याला हक्कच आहे. उपाय म्हणून तीच नावं स्ट्रिंगच्या यादीत वेगळी लिहावी लागत, कारण स्ट्रिंगला मिनिफायर हात लावत नाही. गुणधर्मांची नावं बदलण्याचा पर्याय टर्सरमध्येही आहे आणि तो मुळात बंद असतो. तो बंदच राहू द्यावा. सर्व्हरकडून आलेल्या जेसनमध्ये ‘पत्ता’ असं नाव असेल आणि कोडमधलं ‘पत्ता’ एका अक्षराचं झालं असेल, तर दोघांची भेट होणार नाही.

मिनिफाय केलेला कोड प्रॉडक्शनवर पडला की त्रुटी येते ती ‘पहिली ओळ, स्तंभ ४८२१३’ अशी. त्यासाठी सोर्स मॅप आहेत. तयार फाइलमधलं कुठलं स्थान मूळ कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीतून आलं, याची ती नोंदवही असते. आज चालणारी तिची तिसरी आवृत्ती २०११ पासूनची आहे. बंडलर आणि मिनिफायर ही दोन वेगळी साधनं असतील, तर पहिल्याचा मॅप दुसऱ्याला द्यायला विसरू नये, नाहीतर मॅप तुम्हाला बंडलपर्यंतच नेऊन सोडतो. मॅपमध्ये बहुतेकदा मूळ कोड पूर्ण असतो, कॉमेंटसकट. तो सगळ्यांना दाखवायचा नसेल तर मॅप फक्त त्रुटी गोळा करणाऱ्या यंत्रणेकडे द्यावा, सार्वजनिक सर्व्हरवर चढवू नये. आणि फाइलच्या नावात तिच्या मजकुरावरून काढलेला हॅश घालावा. मग ब्राउझरला ती ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे वर्षभर, जपून ठेवायला सांगता येतं. मजकूर बदलला की नावच बदलतं.

मिनिफाय केलेली फाइल माणसाला वाचता येत नाही, आणि हे फक्त गैरसोयीचं नाही. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या एनपीएम पॅकेजच्या प्रकरणात हे जगाला दिसलं. त्याची डिपेंडन्सी म्हणून आणलेल्या फ्लॅटमॅप-स्ट्रीम या छोट्या पॅकेजमध्ये बिटकॉइनचं एक वॉलेट लक्ष्य करणारा कोड होता. तो एनपीएमवर चढवलेल्या मिनिफाय फाइलमध्ये होता, गिटहबवरच्या मूळ कोडमध्ये नव्हता. ज्यांनी मूळ कोड वाचला त्यांना काहीच दिसलं नसतं. दुसऱ्याने मिनिफाय करून दिलेली फाइल शक्यतो घेऊ नये, मूळ कोड घ्यावा आणि आपल्या बिल्डमध्ये आपण मिनिफाय करावा, याचं याहून ठोस कारण माझ्याकडे नाही. त्याच वर्षी गूगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनांमध्ये मुद्दाम दुर्बोध केलेल्या कोडवर बंदी आणली आणि साध्या मिनिफिकेशनला परवानगी ठेवली. आकार घटवणं आणि लपवणं यांत त्यांनी केलेला हा भेद रास्त आहे. मिनिफाय केल्याने कोड सुरक्षित होतो असं समजून कोणी त्यात पासवर्ड किंवा किल्ली ठेवत असेल, तर ती स्ट्रिंग तशीच्या तशी दिसते.

कॉमेंट काढताना परवान्याची कॉमेंट जाऊ नये, एवढी काळजी घ्यावी. उद्गारचिन्हाने सुरू होणारी किंवा परवान्याची खूण असलेली कॉमेंट ठेवायची, ही वायूआयच्या काळापासूनची रीत टर्सरही पाळतं. परवान्यावरूनच जेएसमिनला एक मोठं घर सोडावं लागलं. त्याच्या परवान्यात, हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही, असं एक वाक्य आहे. वाचायला छान, पण वापराच्या हेतूवर अट आली की मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत ते बसत नाही. डेबियनने ते मुक्त मानलं नाही. ते मोठं घर म्हणजे विकिपीडियामागचं मीडियाविकी हे सॉफ्टवेअर. २०११ मध्ये त्याच्या १.१७ आवृत्तीत स्क्रिप्ट पाठवणारा रिसोर्सलोडर आला, तो आधी जेएसमिन वापरायचा. नंतर त्या जागी पॉल कॉपरमन यांचं पीएचपीतलं मिनिफायर आलं. मराठी विकिपीडियाही त्याच यंत्रणेवर चालतो. तिथे मिनिफिकेशन आधी बिल्ड करून ठेवलेलं नसतं, मागणी आली की सर्व्हर करतो आणि निकाल साठवून ठेवतो. साध्या सदस्याने लिहिलेली गॅजेटची स्क्रिप्टसुद्धा आपोआप मिनिफाय होऊन जाते, त्याला त्याचा पत्ताही नसतो. मूळ रूप पाहायचं असेल तर पत्त्याला डीबगचा पर्याय जोडला की काम होतं.

शेवटी मराठीत साइट करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी इंग्रजी पुस्तिकांमध्ये तळटीपेपुरती असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. ‘नमस्कार’मध्ये हलन्त आणि काना धरून सात चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. ईएसबिल्ड मुळात आउटपुट फक्त साध्या आस्की अक्षरांत लिहितं. त्यामुळे दर चिन्हाच्या जागी उलटी तिरकी रेघ, एक अक्षर आणि चार स्थानांचा सांकेतिक क्रमांक, असे सहा बाइट येतात. ‘नमस्कार’ ४२ बाइटांचा होतो. मिनिफाय केल्यावर मजकूर दुप्पट! क्लोजर कंपायलरही मुळात हेच करतो, टर्सर करत नाही. यामागे कारण आहे: पानाचं एन्कोडिंग चुकीचं जाहीर झालं असेल तरी आस्की फाइल बिघडत नाही. जीझिप या वाढीतलं बरंचसं शोषून घेतं, कारण सुरुवातीची खूण सारखी सारखी येते, पण सगळं नाही. आणि ब्राउझरला उलगडलेला पूर्ण मजकूरच वाचावा लागतो. ज्या ॲपमध्ये मराठी सूचना, जिल्हे-तालुक्यांची नावं, फॉर्मची लेबलं असं सगळं जावास्क्रिप्टमध्येच आहे, तिथे हा फरक डोळ्यांत भरतो.

तपासायला सोपं आहे. बिल्ड झाल्यावर डिस्टमधल्या फाइलीत, आपल्या कोडमध्ये नक्की असलेला एखादा मराठी शब्द शोधायचा. सापडला नाही आणि त्याच्या जागी तिरक्या रेघांची रांग दिसली, तर ईएसबिल्डला कॅरसेटच्या पर्यायात यूटीएफ-८ सांगायचं, सर्व्हर जावास्क्रिप्ट पाठवताना हेडरमध्ये यूटीएफ-८ जाहीर करतो ना हे पाहायचं, आणि हा शोधही बिल्डच्याच चाचण्यांत टाकून द्यायचा.